लोकरीच्या मोज्यांचा वैशाख

वैशाखात कलकत्त्याला कोण जातं? आमच्या पुण्याच्या सोसायटीत हा प्रश्न मला दरवर्षी विचारतात आणि मी दरवर्षी बॅगेची चेन ओढता ओढता काहीतरी बोलून वेळ मारून नेते. लोक उन्हाळ्यात महाबळेश्वरला जातात, कोकणात आंबे खायला जातात. मी कलकत्त्याच्या बेहाला भागात माझ्या मुलीच्या भाड्याच्या घरात घाम गाळायला येते. हिवाळ्यात तिच्याकडे पाहुण्यांची रीघ असते. कुणाला व्हिक्टोरिया बघायचं असतं, कुणाला गंगासागर करायचं असतं. उन्हाळ्यात मात्र चिटपाखरू फिरकत नाही आणि केतकी ऑफिसातून आली की पूर्ण माझी असते. तेवढ्यासाठी घामोळं सोसायला माझी हरकत नाही.

पुण्याचा उन्हाळा भाजतो, इथला शिजवतो. सकाळी अंघोळ करून बाहेर यावं तर टॉवेल खुंटीला लावेपर्यंत पुन्हा अंघोळ करावीशी वाटते. पंखा फिरतो, पण हवा जागची हलत नाही. दुपारी फेरीवालेसुद्धा ओरडायचं सोडून नुसते चालत जातात. सगळे आभाळाकडे डोळे लावून बसतात ते कालबैशाखीसाठी, म्हणजे या दिवसांत संध्याकाळी अचानक उठणाऱ्या वादळासाठी. ते आलं तर अर्धा तास बरा जातो. नाही आलं तर उद्या पुन्हा तेच.

काल भाजी आणायला उतरले तर चौकातल्या मेट्रोच्या खांबावर एक पोस्टर दिसलं. दक्षिणेकडच्या एका गावातला उन्हाळी मेळा. कीर्तन, जत्रा, बक्षीस समारंभ, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘आंतरराष्ट्रीय लोकनृत्य’. चित्रात डोक्यावर फुलांचे मुकुट घातलेल्या गोऱ्या बायका. यंदा पोलंडचे लोक येणार आहेत म्हणे. मी हातात दुधी धरून त्या पोस्टरसमोर उभी राहिले. जाणार नाही मी. एकदा गेले होते, तेवढं पुरे आहे.

त्या वर्षी हे निवृत्त होणार होते. आम्ही केंद्र सरकारचे बदलीवाले. नागपूर झालं, रायपूर झालं, मग कलकत्ता. तीन वर्षांसाठी म्हणून आलो आणि नंतर ह्यांच्या बदल्या टेबलाच्या झाल्या, गावाची काही होईना. सॉल्ट लेकच्या क्वार्टरमध्ये केतकी दुडदुडत आली होती, ती तिथूनच सेक्टर फाइव्हला आयटी कंपनीत नोकरीला जायला लागली. पण आमचं घर मात्र कायम उद्या निघायचंय असंच राहिलं. बदलीवाल्यांच्या घरी भिंतीत खिळा ठोकत नाहीत. टीव्हीचा खोका माळ्यावर जपून ठेवतात. आमचे पडदे रायपूरच्या खिडक्यांच्या मापाचे होते, इथे ते वीतभर आखूड पडायचे आणि त्या वीतभर फटीतून समोरचे मुखर्जी आमच्या घरात काय चाललंय ते आरामात बघायचे. नवे शिवू या म्हटलं की हे म्हणायचे, “आता कशाला? जायचंच आहे.” आमच्या घराचं बोधवाक्यच होतं ते. चांगला डिनर सेट, जड पलंग, तुळशीवृंदावन, सगळं पुण्याला गेल्यावर.

आणि त्या उन्हाळ्यात खरंच जायचं ठरलं. फ्लॅट तयार झाला होता. तीन खोल्या, त्यातली पूर्वेची केतकीची. हे फोनवरून सुताराशी तिच्या कपाटाच्या आरशावरून वाद घालत असायचे. मी मात्र रोज रात्रीच्या पोळ्या करताना तिला विचारायचे, “येतेस ना तू? आयटी तिथेही आहे. इथल्यापेक्षा जास्तच आहे.”

“बघू, आई.”

फेब्रुवारीत बघू, मार्चमध्ये बघू. तिचं ‘बघू’ हे ‘नाही’ आहे की ‘थांब जरा’ आहे, ते काही केल्या मला उमगेना. खोदून विचारलं तर ती मोबाईल घेऊन गॅलरीत जायची. मग मी मनातल्या मनात भाषणं तयार करायला लागले. एकुलती एक आहेस. आम्ही म्हातारे होणार. परमुलखात एकटी पोर कशी राहील? आपली माणसं, आपली भाषा, आपले सण. भांडी घासताना एक मुद्दा सुचायचा, कपडे वाळत घालताना दुसरा. वकिलाने खटल्याची करावी तशी माझी तयारी झाली होती. फक्त तारीख लागत नव्हती.

मी फार दमले होते तेव्हा. सामानाने दमले असते तर समजलं असतं, मी निरोपांनी दमले होते. ब्लॉकमधली प्रत्येक बाई जेवायला बोलवायची, हात हातात घेऊन रडायची, आणि मी परत येऊन खोके बांधायचे. रडू येण्याइतकीही ताकद उरलेली नसायची. वाटायचं, कुणीतरी मला उचलून नेऊन त्या नव्या फ्लॅटच्या थंड फरशीवर ठेवावं आणि महिनाभर उठवू नये.

अशात केतकी एका शनिवारी म्हणाली, “उद्या सोमाच्या गावी जाऊ या. मेळा आहे. बाहेरच्या देशातून नाचणारे येणारेत.” सोमा तिच्या ऑफिसातली मैत्रीण, तिचे वडील मेळ्याच्या कमिटीत होते. मी म्हटलं, “मला कुणाचा नाच नको आणि कुणाचं गाणं नको.” पण ह्यांना उत्साह. “अगं, इतकी वर्षं राहिलो, एक खेडं धड पाहिलं नाही. जाता जाता बघून घेऊ.” जाता जाता बघायच्या गोष्टींची ह्यांची यादी मोठी होती. निवृत्तीला आलेल्या माणसाला नाही म्हणायला जीव होत नाही. गेलो.

त्या गावाचं मला काय आठवतं? गाडीतून उतरल्या उतरल्या आलेला तळ्याचा हिरवा, ओला वास. सोमाच्या आईने दारातच, “आशुन दीदी, बोशुन,” म्हणजे या, बसा, म्हणत हातात दिलेला भाजलेल्या कैरीच्या सरबताचा पेला, वर भाजलेल्या जिऱ्याची पूड. आपल्या पन्ह्याचाच भाऊ, पण धुरात वाढलेला. ताडाच्या पानाचा पंखा घेऊन ती मला वारा घालायला लागली. मी पंखा ओढून घेतला, तिने परत ओढला, शेवटी तिचंच खरं झालं. केतकी त्या घरात अशी वावरत होती की मला क्षणभर ओळखू येईना. शेजारच्या आजींच्या पायाशी बसून कसला तरी विनोद सांगत होती, आणि आजी दात नसलेलं हसत होत्या. माझ्याशी बोलताना ही मुलगी शब्द शोधते. तिथे शब्दच तिला शोधत येत होते.

ऊन उतरल्यावर मांडवात गेलो. शाळेचं मैदान, बांबूचा मंडप, चारी खांबांना बांधलेले मोठे पंखे, त्यांचा आवाज एवढा की निवेदक घसा ताणून बोलत होता. जिलब्यांचा वास, पापड तळल्याचा वास, पाळण्याच्या इंजिनाचा धूर. ह्यांना ‘भारत सरकारचे मोठे अफसर’ म्हणून पहिल्या रांगेत बसवलं, गळ्यात उपरणं घातलं. उपरण्यामुळे गरम होतंय हे सांगायची सोय नव्हती. मी त्यांच्या शेजारी, माझ्या शेजारी केतकी.

पाहुणे बल्गेरियाचे होते. निवेदकाने सांगितलं की हे काही नावाजलेले कलाकार नाहीत, गावातलीच माणसं आहेत. कुणी शिक्षिका, कुणी बेकरीत काम करणारी, सुट्टी काढून नाचायला देशोदेशी जातात. ते स्टेजवर आले आणि मला पहिल्यांदा दिसले ते मोजे. पांढरे, जाड, लोकरीचे, गुडघ्यापर्यंत. वर लोकरीचाच भरतकाम केलेला जाड एप्रन, त्याखाली लांब बाह्यांचा झगा, कमरेला धातूचे बक्कल, गळ्यात नाण्यांची माळ. वैशाखात! बंगालात! बायकांनी स्वागताचा उलुध्वनी केला, तोंडाने, जीभ हलवून, लग्नात करतात तसा. केतकीनेही केला, आणि सगळ्यांपेक्षा लांब खेचला. मी मात्र त्या मोज्यांकडेच बघत होते. मला तिथेच, बसल्या जागी घाम फुटला.

एकजण बकऱ्याच्या कातड्याची फुगलेली पिशवी काखेत दाबून वाजवत होता. एक ढोल. हात धरलेल्यांची लांब ओळ, आणि पावलं अशी की आपण ताल धरावा तर मध्येच एक पाऊल लंगडतं आणि आपली टाळी एकटी पडते. हे दोनदा एकटे पडले, मग त्यांनी हात उपरण्यात घातले. ओळीच्या अगदी शेवटी माझ्याच वयाची एक बाई होती. अंगाने जाड, केस विस्कटून कपाळाला चिकटलेले. पुढच्या मुली उड्या मारत होत्या. ही उडीच्या जागी नुसत्या टाचा उचलायची. हसू चेहऱ्यावर होतं, पण ते कामाचं हसू होतं, पाहुण्यांना आग्रह करताना आपण ठेवतो तसं. वळताना पाठ प्रेक्षकांकडे झाली की ती खांदे पाडायची आणि परत वळताना उचलायची. सगळा मांडव त्या उड्या मारणाऱ्या मुली बघत होता. मी तिला बघत होते. हिला आता खोलीवर जाऊन पाय पसरायचेत, बाकी काही नको आहे, हे मला इतकं स्वच्छ कळलं की तिच्याबद्दल माया दाटून आली. त्या आख्ख्या उन्हाळ्यात मला कुणाबद्दल माया वाटायला सवडच झाली नव्हती.

शेवटी ते स्टेजवरून खाली उतरले आणि प्रेक्षकांना ओढायला लागले. मोठं रिंगण करायचं होतं. सोमा गेली, तिची आई गेली, केतकी तर आधीच पळाली. आणि ती जाड बाई नेमकी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. दोन्ही हात पुढे केले. नको नको म्हणायलाही भाषा लागते. मी उठले.

आता हे कसं झालं ते मला आजही सांगता येणार नाही. तिने हात पुढे केले होते ते रिंगणासाठी. एक हात तिचा, दुसरा शेजारच्याचा, इतकं सोपं. पण समोर एक बाई हात पुढे करून उभी आहे म्हटल्यावर माझे हात आपोआप एकमेकांवर आडवे गेले. माझं माहेर वाईचं. नागपंचमीला घाटावर आम्ही फुगडीने पोरी पाडलेल्या आहेत. मी तिचे हात फुलीत घट्ट धरले, तिच्या पावलांना पावलं भिडवली, आणि मागे रेलले. ती क्षणभर दचकली. मग तिच्या डोळ्यांत कसलंसं हसू चमकलं, कामाचं नव्हे, दुसरंच, आणि तीही मागे रेलली.

फिरलो आम्ही. गुडघ्यांनी आरडाओरडा केला, पण ऐकतंय कोण. तिची नाणी वाजत होती, माझा पदर सुटला, मांडव, पंखे, दिवे, माणसं यांची एकच पट्टी झाली. भोवतीचं रिंगण थांबून टाळ्या वाजवायला लागलं. निवेदकाने माईकवरून जाहीर केलं, “एटाओ ओदेर ग्रामेर नाच!” हासुद्धा त्यांच्याच गावाकडचा नाच आहे म्हणे. गावाने खुशाल विश्वास ठेवला. अजूनही त्या गावात कुणीतरी बल्गेरियन नाच म्हणून वाईची फुगडी सांगत असेल.

पुण्यात मी ही गोष्ट सांगते तेव्हा इथेच थांबते. लोक पोट धरून हसतात. “कलकत्त्याच्या काकू म्हणजे कमाल आहेत,” म्हणतात. हो, तिथे मी कलकत्त्याच्या काकू आहे. हे मोहरीच्या तेलासाठी अर्धं पुणं पालथं घालतात आणि मिळालेलं तेल हुंगून, “यात दम नाही,” म्हणून नाक मुरडतात. इतकी वर्षं परतायचं परतायचं म्हणत होतो. परतल्यावर कळलं की तिथली आमची जागा लोकांनी आमची वाट न बघता भरून टाकली आहे. कुणाची चूक नाही. जागा कोण रिकामी ठेवतं? पण हे त्या दिवशी मला माहीत नव्हतं. त्या दिवशी पुणं मला त्या थंड फरशीसारखं दिसत होतं.

तर फुगडी सुटली तेव्हा आम्ही दोघी एकमेकींना धरूनच मांडवाच्या मागे गेलो. तिथे एक बाकडं होतं, मागे तळं. आम्ही धप्पकन बसलो. दम असा लागला होता की छाती हातात येते की काय. तिने मोजे उतरवले, पिळले असते तर पाणी निघालं असतं. लालभडक, सुजलेली पावलं मातीवर ठेवली आणि डोळे मिटले. मग डोळे उघडून स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली, तोंड वाकडं केलं. मी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. एवढ्यावरच ओळख झाली. तिने फोनमधला नातवाचा फोटो दाखवला. मी वाकून बघेपर्यंत केतकी पाण्याची बाटली घेऊन धावत आली.

“आई! काय होतं ते?”

“फुगडी,” मी धापा टाकत म्हटलं.

“तुला येते? मला का नाही येत?”

काय सांगणार? क्वार्टरमध्ये खाली माणसं राहतात, धपधप झालं की ती भांडायला वर येतात. आणि शिवाय पुण्याला गेल्यावर होईलच की सगळं. मी नुसता हात हलवला. त्या बाईने केतकीकडे बोट दाखवून विचारलं, मुलगी? मी मान डोलावली. ती आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली आणि तिच्याजवळ होतं तेवढं इंग्रजी गोळा करून म्हणाली, “युवर होम... हिअर?”

“नो,” मी म्हटलं.

“येस,” केतकी म्हणाली.

दोन्ही शब्द एकाच वेळी पडले. त्या बाईला वाटलं आम्ही तिची गंमत करतोय. ती खदखदून हसली, केतकीच्या गालावर हात फिरवला, आणि पलीकडून कुणीतरी हाका मारत होतं म्हणून मोजे हातात घेऊन अनवाणीच निघून गेली.

आम्ही दोघी उरलो. केतकी माझ्याकडे बघेना. तळ्याच्या पाण्यावर काळे ढग उतरायला लागले होते, आणि वारा एकदम पडला होता.

“मी नाही येणार, आई,” ती म्हणाली. “तुम्हाला कसं सांगू कळत नव्हतं. मला तिथे जाऊन सगळं शिकायला लागेल गं. माणसं, बोलणं, हे तुझं फुगडी आणि सगळं. इथे मला काही शिकायला नाही लागत. तू म्हणतेस परत जाऊ या. मी तिथून आलेच नाहीये. मी परत कशी जाऊ?”

तारीख लागली होती. माझ्याकडे सगळे मुद्दे तयार होते, ओळीने. एकुलती एक, म्हातारपण, परमुलूख, आपली माणसं. मी तोंड उघडलं. पण दम पुरेना. एक शब्द बाहेर काढायचा तर दोन श्वास घ्यावे लागत होते. इतक्या महिन्यांची ती भाषणं घशाशी येऊन एकमेकांना ढकलत राहिली, आणि त्यातलं एकही बाहेर पडलं नाही. मी बाटलीतलं पाणी प्यायले. थोडं तोंडावर मारलं. आणि मग माझ्या तोंडून निघालं ते हे, “एकट्या मुलीला घर देईल का कुणी?”

केतकी बघत राहिली. तिचीही तयारी झालेली होती, हे मला तेव्हा दिसलं. गॅलरीत जाऊन इतके दिवस ती तेच करत असणार. भांडायला कंबर कसून आलेलं माणूस समोरून भांडणच आलं नाही की फार केविलवाणं दिसतं.

“तू ओरडणार नाहीस?”

“नाही.”

“रडणार पण नाहीस?”

“दमले गं बाई,” मी म्हटलं. “आता तुझं तू बघ.”

आमच्याकडे ‘तुझं तू बघ’ रागाने म्हणतात. दार आपटायच्या आधी म्हणतात. मीही आयुष्यभर तसंच म्हणत आले, परीक्षेच्या वेळी, लग्नाच्या स्थळांच्या वेळी. त्या बाकड्यावर मी ते पहिल्यांदा रागाशिवाय म्हटलं. मराठी कितीही कच्ची असली तरी तो फरक तिला कळला. ती माझ्या घामाने भिजलेल्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागली. मला खूप वाईट वाटत होतं. इतकं वाईट मला आई गेली तेव्हाच वाटलं होतं. पण तरी मी तिला थोपटत होते, आणि हातही थकला होता म्हणून हळू थोपटत होते.

इतक्यात हे आले. गळ्यात ते उपरणं, हातात शालपत्रांच्या द्रोणात सोललेले ताडगोळे. “अगं, शोधतोय कधीचा! तू तर फेमस झालीस. घ्या, गार आहेत तोवर...” आणि मग त्यांना केतकी दिसली. द्रोण तसाच हातात. “काय झालं? का रडतेय ही?”

केतकीने डोकं वर केलं. तिने डोळे पुसत माझ्याकडे बघितलं. बापाशी ती कधी वर तोंड करून बोललेली नाही. हे वाक्य तिला त्यांच्यापुढे जन्मात जमलं नसतं.

“काही नाही हो,” मी म्हटलं. “केतकी इथेच राहणार आहे.”